मोडो पडशे

डिसेंबर आला की मला राग येतो. थंडीचा नाही, बडोद्याच्या थंडीला थंडी म्हणणाऱ्यांचं मला हसूच येतं. राग येतो तो या दिवसांत शहराला जे भरतं येतं त्याचा. परदेशातले पाहुणे उतरतात, सोसायट्यांच्या फाटकांत भाड्याच्या गाड्या उभ्या राहतात, लग्नांचे मांडव पडतात, उंधियाचे डबे या घरातून त्या घरात फिरतात आणि बाजारात पोंक येतो. आमच्याकडे मिरजेला त्याला हुरडा म्हणत आणि शेतात बसून खात. इथे तो पिशवीत मिळतो आणि वर शेव भुरभुरून खातात. मला तो तसाही आवडतो, खोटं कशाला बोलू. पण पोंक दिसला की मला कळतं, आता आठ-दहा दिवसांत आमच्या घरी मोठं जेवण होणार, आणि जेवता जेवता कुणीतरी ती गोष्ट सांगणार. शैलाने, म्हणजे मी, फोन घेतला त्याची गोष्ट. मग सगळे हसणार, आणि मी पुरी वाढत वाढत हसणार.

गोष्ट बहुतेक वेळा आमचे हेच सांगतात. घरात मी त्यांना अहो म्हणते आणि उद्याही म्हणेन. पण लिहिताना मी त्याला श्रीकांत म्हणणार आहे, आणि 'तो' म्हणणार आहे. रागात एवढी मुभा असावी माणसाला.

यंदा सुरुवात जेवणाआधीच झाली. माझी मुलगी जुई पुण्याहून सुट्टीला आली होती. दुपारी माझ्याशेजारी लोळत मोबाइल माझ्या नाकापुढे धरून म्हणाली, "आई, यातली कुठली घेऊ? रंग सांग." बघते तर थाळ्या. प्लॅस्टिकच्या, बशीहून मोठ्या, ताटाहून लहान. झाडांमधून फेकत फेकत लोखंडी टोपलीतल्या साखळ्यांत नेऊन टाकायच्या, तो खेळ. पुण्याला तिचा गट आहे म्हणे, रविवारी टेकडीवर जातात. एकाच थाळीचे तीन प्रकार होते, आकार तोच, प्लॅस्टिक वेगळं. मी म्हटलं, "रंग राहू दे. हे पहिलं स्वस्तातलं आहे ते कडक असणार. नवी असताना लांब जाईल, दोनदा झाडावर आपटली की कड सोलपटेल आणि डावीकडे वळायला लागेल. ते चकचकीत आहे ते टिकतं, पण थंडीत हात कोरडे असले की सुटतं. तू ती मऊ घे. मार खाते आणि आकार सोडत नाही."

जुई उठून बसली. "तुला कसं माहीत?"

"मी फेकल्यात."

"तू?"

"मी शाळेत थाळीफेक करायचे. जिल्ह्यापर्यंत गेले होते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं तू फक्त तो फोन चुकीचा घेतलास."

तिचा काही दोष नाही. तिला जे सांगितलं तेच तिला माहीत. पण मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच सगळे डबे काढून पुसून ठेवले.

लग्न होऊन मी बडोद्याला आले तेव्हा बाजार नुकता उघडला होता, असं पेपरात लिहून यायचं. मला ते वेगळ्या रीतीने दिसलं. मिरजेला आमच्याकडे बादली लोखंडी, तांब्या पितळी, खुर्ची लाकडी. इथे घरात पाऊल टाकलं तर सगळं प्लॅस्टिकचं. बादली, मग, सूप, पाट, देवघरापुढची रांगोळीसुद्धा चिकटवायची. आणि प्रत्येक वस्तू दहा रंगांत. बायका दुकानात उभ्या राहून अर्धा अर्धा तास रंग निवडायच्या, आणि त्यांना वाटायचं की आपण निवडतोय. मलाही वाटायचं. आतला माल कोणता हे कुणी आम्हाला विचारत नव्हतं, आणि विचारावं हे आमच्याही डोक्यात येत नव्हतं.

श्रीकांत जन्मापासून बडोद्याचा. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याची आणि भरतभाईंची भागीदारी होती. दोन मशिनं, एक शेड. साचा श्रीकांत बनवायचा आणि प्लॅस्टिक भरतभाई आणायचे. प्लॅस्टिकच्या कच्च्या मालाला तिथे दाणा म्हणतात. पहिल्या महिन्यात श्रीकांत संध्याकाळी येऊन म्हणाला, "आज दाणा संपला," तेव्हा मी शेजारून वाटीभर शेंगदाणे आणून ठेवले होते. तेव्हा तो हसला ते मला आवडलं होतं. नंतर मला समजावून सांगितलं त्याने, नवा दाणा तांदळासारखा एकसारखा असतो, आणि भंगारातला दाणा म्हणजे मोडक्या खुर्च्या, फुटक्या बादल्या दळून पुन्हा केलेला. नव्याला वास नसतो. भंगारातल्याला जळका वास असतो आणि त्यात कुठेतरी साबणाचा, कुणाच्या तरी न्हाणीघराचा.

आम्ही हरणीला राहायचो, विमानतळाच्या अलीकडे. पलीकडच्या बाजूला रमेशभाईंची जमीन होती. रमेशभाई मूळचे बडोद्याचेच, अमेरिकेत स्थायिक, दर डिसेंबरला यायचे. त्या वर्षी ते बॅगेतून तीन थाळ्या घेऊन आले आणि डोक्यात एक बेत घेऊन. आपल्या जमिनीवर हा खेळ सुरू करायचा. नऊ खांब, नऊ टोपल्या, सायकलच्या चेनच्या साखळ्या. थाळ्या इथेच बनवायच्या. ते काम श्रीकांतला मिळालं. अमेरिकेची थाळी मकरपुऱ्यात होणार, म्हणून भरतभाईंनी सगळ्या शेडवाल्यांना जलेबी वाटली.

तीन थाळ्या, तीन जातींची प्लॅस्टिकं. एक कडक आणि खरबरीत, एक काचेसारखी गुळगुळीत, एक मऊ, दुमडली तर दुमडणारी. यातली कुठली धरून साचा आणि दाणा ठरवायचा हे कळायला कुणीतरी फेकून बघायला हवं होतं. श्रीकांतने फेकली ती बाभळीत गेली. भरतभाईंनी फेकली ती त्यांच्याच मागे पडली. रमेशभाईंचा खांदा दुखत होता. मी चहा घेऊन गेले होते. म्हटलं, मी बघू का?

साडीचा पदर खोचला आणि फेकली. पहिली वाकडी गेली, कारण आमची थाळी हातावर ठेवून खांद्याने फेकायची, ही बोटांत धरून. रमेशभाई ओरडले, "खभो नहीं, बेन, कांडुं! कांडाथी फेंको!" खांदा नाही, मनगट. दुसरी मनगटाने फेकली. ती कडुनिंबाच्या वरून गेली, थोडी थांबल्यासारखी झाली आणि हळूच डावीकडे उतरली. लग्न झाल्यापासून माझ्या अंगातलं काही इतकं लांब गेलं नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी मी फेकत होते. सासूबाई नव्हत्या, घरात आम्ही दोघंच, म्हणून जमलं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला घट्टा पडला. तिन्ही थाळ्या मी झाडावर, खांबावर, दगडावर आपटल्या. कडक थाळीच्या कडेवर ओरखडे उठले, मग ती कुठे वळेल त्याचा भरवसा राहिला नाही. गुळगुळीत होती ती पहाटेच्या गारव्यात हातातून निसटायची. मऊ थाळी लोखंडी खांबावर धाडकन बसली आणि खाली पडली, मी उचलून बघितली, एक चरा नाही. मी श्रीकांतला म्हटलं, "हीच. खांब लोखंडाचा आहे, समोर माणसं असणार. कडक नको." तो म्हणाला, "तू म्हणशील ती." असं तो त्याआधी कधी म्हणाला नव्हता. मला आजही ते दोन-तीन शब्द ऐकू येतात, आणि आता ते आठवले की कानशिलं तापतात.

सविताबेन त्याच दिवसांत भेटल्या. मुलींच्या एका शाळेत त्या व्यायाम शिकवायच्या, नागरवाड्यात राहायच्या, लुनावरून यायच्या. रमेशभाईंनी त्यांना बोलावलं होतं, मुलींना हा खेळ शिकवता येईल का ते बघायला. उंच, सावळ्या, गळ्यात शिट्टी. मी फेकताना त्यांनी एकदाच बघितलं आणि थेट माझ्याकडे आल्या. "अरे, तमे तो चक्रफेंकवाळां!" थाळीफेकीला गुजरातीत चक्रफेंक म्हणतात हे मला तेव्हा कळलं. "मारी छोकरीओने शीखवाडशो?" माझ्या मुलींना शिकवाल का, असं त्या विचारत होत्या. शाळेत जागा होती, त्या मुख्याध्यापिकांशी बोलणार होत्या. मी हो म्हणून टाकलं, श्रीकांतला न विचारता. घरी येताना मी सायकल चालवत नव्हते, नुसती हातात धरून चालत होते, कारण मला ते अंतर लवकर संपायला नको होतं.

आता फोनची गोष्ट, जशी सांगितली जाते तशी.

गुरुवारी दुपारी फोन वाजला. भरतभाई दाणा घ्यायचे त्या दुकानातून कुणी बोलत होतं. "नवो दाणो मोडो पडशे, बेन. श्रीकांतभाईने कही देजो." मला बडोद्याला येऊन वर्ष झालं नव्हतं. मोडो म्हणजे मोडणं, पडशे म्हणजे पडेल. मी श्रीकांतला सांगितलं, नवा दाणा मोडून पडेल असं म्हणाले. गुजरातीत मोडो म्हणजे उशीर. दाणा उशिरा येईल, एवढंच ते सांगत होते. आणि बिचाऱ्या श्रीकांतने काय करावं? बायको म्हणते नवा दाणा मोडतो, म्हणून त्याने जुना वापरला. आणि मग थाळी फुटली. हाहाहा. इथे सगळे हसतात. आमच्या घरात आजही कपबशी फुटली की कुणीतरी म्हणतं, मोडो पडशे. गाडी उशिरा आली तरी म्हणतं, मोडो पडशे. शब्द फार सोयीचा आहे, दोन्हीकडे चालतो.

हसतील त्यांचे दात दिसतील असं आई म्हणायची. पंचवीस वर्षं मी ते दात बघतेय.

आता जे झालं ते.

थाळी साच्यातून निघाली की तिच्या कडेला पातळ झालर राहते. ती ब्लेडने काढावी लागते. शेडवाल्यांच्या बायका हे काम घरी करायच्या, मीही करायचे. मंगळवारी संध्याकाळी श्रीकांतने एक पोतं आणून टाकलं, चाळीसेक थाळ्या. मी ओसरीत बसून ब्लेड घेतलं. नव्या दाण्याची झालर संत्र्याच्या सालीसारखी लांब सुटते. ही सुटेना. हिचा चुरा पडत होता. रंग केशरी ठरला होता, हा विटकरी. नाकाजवळ नेली तर जळका वास, आणि मागून साबणाचा. मी श्रीकांतला विचारलं, "ही आपली मऊ थाळी नव्हे ना?" तो पेपर वाचत होता. म्हणाला, "साचा साफ करायला काढलेला माल आहे. तू झालर काढून ठेव." साफ करायला काढलेल्या मालाची झालर कशाला काढायची, हे मी विचारलं नाही. काढली. एका थाळीवर माझा हात घसरला आणि ब्लेडची तिरपी खूण राहिली.

मंगळवारी थाळ्या झाल्या. फोन गुरुवारी आला. एवढाच हिशेब आहे, आणि तो दुसरीतल्या पोरालाही येईल.

मला आठवतं, एकदा शेडमध्ये डबा द्यायला गेले होते तेव्हा भरतभाई बोलताना ऐकलं होतं, "चालशे, श्रीकांतभाई. आमां कोण जोवानुं छे?" चालेल, यात कोण बघणार आहे? आणि श्रीकांत मराठीत म्हणाला होता, "चालेल." बडोद्याच्या मराठीला गुजरातीचं वळण आहे म्हणून पुणेकर नाकं मुरडतात. मला त्याचं काही वाटत नाही. मला या एका शब्दाचं वाटतं. दोन्ही भाषांत तो जवळजवळ एकच आहे, दोन्ही भाषांत तो गोड हसून उच्चारतात, आणि त्यावर अख्खी शेड उभी असते. बादलीचा कान तुटला, चालेल. खुर्चीचा पाय फाकला, चालेल. बादली फुटली तर पाणी सांडतं. ही थाळी होती, ती माणसांच्या मधून उडणार होती.

रविवारी सकाळी मैदानावर सगळे जमले. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या आधीचा रविवार, आभाळात पतंग, वारा बोचरा. रमेशभाईंचे नातेवाईक, शेजारी, खुर्च्या, शेव-उसळीची पातेली. पहिली थाळी मी फेकायची असं रमेशभाईंनीच ठरवलं होतं. श्रीकांतने माझ्या हातात थाळी दिली. मी अंगठ्याने कड चाचपली आणि मला ती तिरपी खूण लागली.

इथे मी थांबू शकले असते. हे मी पंचवीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. मला कळलं होतं की हीच ती मंगळवारची. मी श्रीकांतकडे बघितलं, त्याने मान हलवली, टाक, टाक. चाळीस-पन्नास माणसं बघत होती. सविताबेन खांबाजवळून हात हलवत होत्या. आणि खरं सांगते, मला फेकायची होती. सगळ्यांसमोर मला फेकायचीच होती. मी मनगटाने, पूर्ण ताकदीने फेकली. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत सरळ गेलेली थाळी. ती खांबावर बसली आणि फुटली. काच फुटते तसा आवाज झाला. एक तुकडा सविताबेनच्या डाव्या डोळ्यात गेला.

डोळा वाचला नाही.

तिसऱ्या दिवशी रमेशभाई आमच्याकडे आले. भरतभाई आधीच येऊन बसले होते. चिडले होते. त्यांनी मऊ थाळी मागितली होती आणि ती फुटली कशी, हे त्यांना हवं होतं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. श्रीकांतने माझ्याकडे न बघता सांगितलं, "काय झालं रमेशभाई, आमची ही नवी आहे, गुजराती समजत नाही..." आणि फोनची गोष्ट सांगितली. आधी रमेशभाई गंभीर होते. मग 'मोडून पडेल'शी आले तेव्हा त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. मग भरतभाई फिसकन हसले. मग तिघेही. सुटल्यासारखे हसले. फोन उचलून भरतभाईंना एकदा विचारलं का नाहीस, असं श्रीकांतला कुणी विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे फाशीसुद्धा नव्हती, नुसती गंमत. गमतीवर कोण भांडणार? मी चहा ठेवला. आत आले. तांदूळ निवडायला घेतले.

मी का नाही बोलले? मूग गिळून बसायचं मला माहेरी कुणी शिकवलं नव्हतं, उलट मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होते. पण शेड बंद पडली असती, पोलीस आले असते, नवरा कोर्टाच्या पायऱ्या चढला असता. तेव्हा जुई पोटात होती. आणि मंगळवारची थाळी ओळखून मीच फेकली होती, म्हणजे माझेही हात बरबटलेले. खापर माझ्यावर फुटलं ते अगदीच अनाठायी नव्हतं, फक्त चुकीच्या कारणासाठी फुटलं होतं. हे मी स्वतःला समजावलं, आणि समजावत समजावत केस पांढरे झाले. राग श्रीकांतचा येतो, भरतभाईंचा येतो. पण आरशासमोर वेणी घालताना जो येतो तो सगळ्यांत जुना आहे.

दवाखान्यात मी एकदाच गेले, थर्मासमध्ये सूप घेऊन. त्या झोपल्या होत्या, डोक्याला पट्टी. थर्मास ठेवून निघून आले. शाळेतली ती जागा, ते बोलणं, सगळं तिथेच राहिलं. थाळी मी पुन्हा हातात धरली नाही. बोटाचा घट्टा महिन्याभरात गेला. एकाच शहरात, विश्वामित्रीच्या अलीकडे त्या आणि पलीकडे आम्ही, कारण पुढे आम्ही अकोट्याला फ्लॅट घेतला. पूल ओलांडायला रिक्षाला दहा मिनिटं लागतात. मला पंचवीस वर्षं लागली.

हरणीच्या त्या जमिनीवर आता बंगले आहेत. खांब कधीच उपटून भंगारात गेले. शेड विकली, भरतभाई वारले. रमेशभाई मात्र दर वर्षी येतात, आता काठी घेऊन, आणि एक जेवण आमच्याकडे ठरलेलं असतं.

यंदाही आले. उंधियुं होतं, श्रीखंड होतं. जुईने दुपारचं डोक्यात ठेवलं होतं, तिने सहज विषय काढला, "रमेशकाका, आईने खरंच थाळी फेकली होती?" रमेशभाईंचा चेहरा उजळला. "अरे, तारी मम्मी? फर्स्ट क्लास फेंकती!" मला क्षणभर बरं वाटलं. पण श्रीकांतने पुरीचा तुकडा हातात धरून लगेच सुरुवात केली, "फेकायची छान, पण फोन..." आणि गोष्ट चालू झाली. गुरुवार, दुपार, नवो दाणो मोडो पडशे. जुईसुद्धा हसली, सवयीने.

मी पुऱ्यांची ताटली खाली ठेवली आणि विचारलं, "सविताबेन कशा आहेत?"

रमेशभाईंनी आठवल्यासारखं केलं. "कोण सविताबेन?"

श्रीकांत म्हणाला, "अगं, जेवताना काय..." आणि रमेशभाईंना श्रीखंड वाढायला लागला.

तेव्हा मला कळलं की या गोष्टीत मी निदान आहे तरी. वेडी म्हणून का होईना, आहे. ज्या बाईचा डोळा गेला ती गोष्टीतून केव्हाच गळून पडली आहे, आणि ती पडली म्हणूनच गोष्ट विनोदी झाली आहे. घरातले विनोद असेच तयार होत असावेत. जे दुखतं ते आधी काढून टाकायचं, मग उरलेलं वर्षानुवर्षं वाढत राहायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला न सांगता नागरवाड्याला गेले. घर शोधायला वेळ लागला नाही, व्यायामवाळां बेन म्हटल्यावर पानवाल्यानेच दाखवलं. सविताबेननी दार उघडलं. थकल्या होत्या, पण ताठ. उजव्या डोळ्याने मला नीट बघितलं. "आवो, शैलाबेन," म्हणाल्या, जणू मी गेल्या आठवड्यातच येऊन गेले होते.

पाणी दिलं, चहा ठेवला. मी बसले नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, मोडक्या नव्हे, चांगल्या गुजरातीत, कारण आता मला ती उत्तम येते. मंगळवारचं पोतं, चुरा पडणारी झालर, जळका वास, ब्लेडची खूण. फोनचा काही संबंध नव्हता, हे सांगितलं. मी ओळखूनही फेकली, हेही सांगितलं. सांगून झाल्यावर मला वाटलं, आता त्या ओरडतील. ओरडाव्यात असं वाटत होतं.

त्या म्हणाल्या, "कयो फोन?"

त्यांना फोनची गोष्ट माहीतच नव्हती. त्यांच्यापर्यंत ती कधी आलीच नव्हती; ती आमच्या जेवणांपुरती होती. मी विचारलं, मग तुम्हाला कुणी काय सांगितलं? त्यांनी चहा गाळला, कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मने तो एम कह्युं'तुं के हुं बहु नजीक ऊभी'ती." त्या खांबाच्या फार जवळ उभ्या होत्या, असं त्यांना सांगितलं होतं. श्रीकांत आणि भरतभाई दवाखान्यात येऊन सांगून गेले होते. शाळेतही तेच कळवलं होतं. शाळेने म्हटलं, शिक्षिकाच एवढी बेफिकीर, तर मुलींचं काय, आणि मैदानावरून त्यांना काढून वाचनालयात बसवलं. निवृत्तीपर्यंत त्या पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. "मारी ज भूल हती ने," त्या म्हणाल्या. माझीच चूक होती ना. इतक्या साधेपणाने म्हणाल्या की मी कप खाली ठेवला.

कारण त्यांना तिथे कुणी उभं केलं ते मला लख्ख आठवत होतं. श्रीकांतने. हाताला धरून नेलं होतं, त्यां ऊभां रहो बेन, तिथे उभ्या राहा, तिथून चांगलं दिसेल. मी फेकायच्या आधी पाच मिनिटं.

हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी गाळणी धुऊन ठेवली. मग म्हणाल्या, "तो ए आवीने कहे." मग त्याने येऊन सांगावं.

मी घरी आले तेव्हा श्रीकांत पेपर वाचत होता, जुई शेजारी बसली होती. मी पर्स खांद्यावरून काढली नाही. म्हटलं, "अहो, उठा. चपला घाला. नागरवाड्याला जायचंय, सविताबेनकडे. त्या जवळ उभ्या नव्हत्या, हे सांगायला."

जुईने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.  त्याने पेपराची घडी घातली, तो उठला, दारापाशी गेला आणि चपला शोधायला लागला. किती तरी वेळ शोधत होता. त्या त्याच्या पायापाशीच होत्या.